विकायला ठेवलेली फटफटी

ठाण्यातल्या कोपरीच्या परशुरामची फटफटी वर्षभराहून अधिक काळ विकायला होती, आणि ती विकली जाऊ नये याची काळजी तो स्वतःच घेत होता.

फटफटी अमेरिकन, लढाईतली. युद्ध संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतून जो माल विकायला निघाला, त्यातली. लांब, बुटकी, वर ऐसपैस कातडी सीट. परशुरामचा मुलगा पंढरी ती सत्तेचाळीस साली घेऊन आला, तेव्हा ‘ही पोराचा जीव घेणार’ असं कोपरीतल्या प्रत्येकानं घरी येऊन, चहा पिऊन सांगितलं. पाच वर्षांनी पंढरी गेला तो विषमज्वरानं, घरात, खाटेवर. भाकीत फुकट गेल्याची काहींना रुखरुख लागली असावी.

तेरावं उरकल्यावर आवडाबाई एकदा नवऱ्याला म्हणाली, “अवो, ती फटफटी घरातनं काढा.” कारण तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. नजरेसमोर नको असेल, असं धरून त्यानं ती मागच्या पडवीत गोणपाटाखाली सरकवली आणि विकायची आहे म्हणून टेंभी नाक्यापर्यंत सांगून ठेवलं. बायकोचा शब्द मोडायचा नव्हता. फटफटीही जाऊ द्यायची नव्हती.

यातून वाट काढून दिली ती पंढरीनंच. कल्याणला खरेदीच्या दिवशी तो बापाला बरोबर घेऊन गेला होता. ओळीनं लावलेल्या गाड्या त्यानं एकेक करून नाकारल्या आणि का नाकारतो ते दरवेळी बापाला समजावलं. मिठागरात जन्म काढलेल्या परशुरामनं तेव्हा नुसतं ‘हां, हां’ केलं होतं. आता त्यातला शब्द न् शब्द त्याला आठवत होता. आवडाबाई भाजी घेऊन बाजारात गेली की तो गिऱ्हाइकाला बोलावी, गोणपाट ओढी आणि फटफटीचे दोष दाखवायला लागे.

“मागं उकिडवं बसा. दोनी चाकं एका ओळीत दिसतात? नाय ना? मुंब्र्याच्या वळणावर आपटलीय, पंढरीनंच. तो बोलायचा, बाबा, रंगाला भुलू नको, रंगाखालचा जोड बघ.” मग तेल बोटांवर घेऊन चोळायला लावी. “कचकच लागते? आत लोखंड झिजतंय.” मग साखळी. मागच्या चाकावर ती ओढून बघायची. खालच्या चक्राचा दाता उघडा दिसला की तिचे दिवस भरले. दाता दिसेच. शेवटी, कोणी विचारलं नसलं तरी, “आनि दुसरा गिअर निसटतो. चढावर तं हमखास.”

गिऱ्हाईक आभार मानून निघून जाई. परशुरामसारखा सचोटीचा माणूस ठाण्यात नाही, असा बोलबाला झाला. शेजारच्या महिपतला मात्र हे बघवेना.

“अरं परशा, तू फटफटी इकतंस का तिची बदनामी करतंस? पोरगी दाखवताना कोन सांगतो काय, ती घोरते म्हनून?”

“खोटं मना जमत नाय.”

हे खरंच होतं. पण तेवढंच कारण नव्हतं.

मग नौपाड्यातला प्रभाकर गद्रे आला. विमा कंपनीत नोकरी, चष्मा, सायकलीचा कंटाळा. त्यानं सगळे दोष ऐकून घेतले आणि गेला नाही. उलट विचारलं, “आणखी काय बघावं माणसानं?”

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. परशुराम इतका सुखावला की त्यानं पंढरीची आवडती परीक्षाही सांगून टाकली. “गिऱ्हाइकानं न सांगता यावं, सकाळच्या पारी. पयला हात इंजिनाला लावावा. गरम लागलं तं समजावं, मालकानं आधीच चालू करून ठेवलंय. थंड इंजिन कसं धरतं, ती खरी पारख.”

पुढच्या रविवारी नीट उजाडलंही नव्हतं तोच प्रभाकर दारात.

“तुम्हीच म्हणालात, शेठ, न सांगता यावं.”

आवडाबाई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. परशुराम घुटमळला, पण नियम त्याचाच, मोडायला कारण सुचेना. प्रभाकरनं इंजिनाला हात लावला. थंडगार. इतक्या महिन्यांनी, त्यातून एवढ्या गारठ्यात धरायचं नाही, अशा आशेवर परशुराम वर बसला. दोन किका वाया गेल्या. मग सगळी पडवी हादरली.

आवडाबाई पडवीच्या दारात आली. धावतच आली. हात पिठाचे, पदर खोचलेला. ती काहीतरी ओरडत होती. आवाजात ऐकू येत नव्हतं, पण ओठ परशुरामला पाठ होते. “भाकर खाऊन जा रं, सकाळच्या पारी कुठं निघालास?” पंढरी जिवंत असताना रोज याच वेळी ती असंच रागवायची. चेहरा तोच होता, रागावलेला आणि सुखी. मग फटफटीवर कोण बसलंय ते तिला दिसलं. तिनं एकदा आपल्या पिठाच्या हातांकडं पाहिलं आणि ती आत गेली.

परशुरामनं इंजिन बंद केलं. फटफटी दिसते म्हणून तिला नको होती, असं त्यानं इतके दिवस धरलं होतं. गोणपाट घालून भागेल असं त्याला वाटलं होतं.

“झकास धरलं की!” साखळीपाशी बसलेला प्रभाकर म्हणाला. त्याला काही दिसलं नव्हतं. “तर आता किमतीचं—”

“तुमाला वाटंल ते द्या. पन आताच न्या.”

घासाघीस करायची म्हणून रात्रभर केलेली तयारी प्रभाकरला गुंडाळून ठेवावी लागली. पैसे देऊन तो किक मारायला गेला, तोच परशुरामनं त्याचं मनगट धरलं.

“हितं नको. रेल्वेच्या फाटकापतोर ढकलत नेऊ.”

“अहो, पण चालू आहे ना ती?”

“चालू हाय. म्हनूनच.”

लष्करी फटफटी ढकलायला दोन माणसं कमीच पडतात. महिपत ओट्यावर राखुंडीनं दात घासत होता. “काय सायेब,” तो तोंडातल्या राखुंडीसकट म्हणाला, “आमच्या परशानं बंद पडलेली गळ्यात मारली काय?” परशुराम मान खाली घालून ढकलत राहिला. त्याच्या सचोटीचा बोलबाला त्या दिवशी दुपारपर्यंत संपला.

फाटक आलं. घामाघूम झालेला प्रभाकर थांबला. “आता?”

“रूळ वलांडू.”

रूळ ओलांडले. “आता तरी?”

परशुरामनं कोपरीकडं वळून बघितलं, मग बोट ओलं करून वर धरलं.

“वारा घराकडं जातोय,” तो म्हणाला आणि पुन्हा सीटला हात लावून ढकलू लागला.