तीन वर्षांचा पाऊस

जिल्हा विभागला तेव्हा आमच्या कार्यालयातली कपाटंही विभागली गेली आणि पावसाच्या नोंदींची फाईल माझ्या टेबलावर आली. मी सांख्यिकीचा पदवीधर होतो. ही गोष्ट मी तेव्हा चहावाल्यालाही ऐकवत असे.

तीन वर्षांचे आकडे जमले, तसे मी ते जिल्ह्याच्या जुन्या सरासरीशेजारी मांडले. पाऊस घटल्याचं स्पष्ट दिसत होतं. चार पानांची टिपणी लिहून, ‘हवामानातील बदल’ हे शब्द लाल शाईने अधोरेखित करून मी ती साहेबांकडे पाठवली. तेवढ्यावर थांबायचं सोडून त्याच आठवड्यात सासुरवाडीला, दिघोरीला गेलो. सासऱ्यांना आलेख काढून दाखवला आणि उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला पुरेल एवढा पाऊस आता होणार नाही, लवकर निघणारा हलका धान लावा, असा सल्ला दिला. ते ऐकून घेत होते. त्यांना पटलं, असं मी धरून चाललो.

पोळ्याच्या सुमारास शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ बाईंनी माझी टिपणी सहज वाचली.

“भाऊ, जुन्या सरासरीत गोंदियाकडचे तालुके आहेत ना? तिकडं पाऊस जास्त पडते. ते तर आता गेले.”

आमच्याकडे उरलेल्या तालुक्यांच्या जुन्या वह्या काढून आम्ही दोघांनी तीस वर्षांची सरासरी नव्याने मांडली. माझी घट जवळजवळ नाहीशी झाली. उरली तेवढी त्या तीस वर्षांत कितीदा तरी येऊन गेली होती, आणि पुढे भरूनही निघाली होती. तीन वर्षांवरून हवामान ठरत नाही, हे मला पदवीच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

टिपणी परत मागून घेतली. दिघोरीला मात्र स्वतः जावं लागलं. पाऊस दसऱ्यापर्यंत लांबला होता. एका बांधीतला, म्हणजे बांध घातलेल्या एका तुकड्यातला, पिकलेला हलका धान पाण्यात आडवा झाला होता. बाकी शेतात भारी धान हिरवागार उभा होता. मी चूक कबूल केली.

“एकाच बांधीत लावला, तुमचा मान म्हणून,” सासरे म्हणाले. “तीन वर्सांत काय समजते, जवाईबापू? मी पन्नास वर्सं पाह्यला, तरी मले पाऊस समजला नाही.”

शरमेने मी पँट दुमडून चिखलात उतरलो आणि आडवा धान उचलू लागलो. थोड्या वेळाने त्यांनी मला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसायला सांगितलं. जो थोडा उभा होता, तोही मी तुडवत होतो.