मारुतीच्या देवळातला गणिताचा वर्ग

१९५६ च्या दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी वर्ध्याजवळच्या आमच्या गावात, मारुतीच्या देवळात, हुशार मुलांचा गणिताचा वर्ग भरला. ज्या मुलीसाठी तो तिथे हलवला होता, ती आली नाही.

वर्ग निवृत्त हेडमास्तर घेत. शाळेत सांगत नाहीत ते शिकवून ते चौथीच्या मुलांना शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवत. आम्ही चार मुलगे त्यांच्या ओसरीवर बसायचो. ती मुलगी महाराची, म्हणून खाली अंगणात. तिची पाटी मास्तर हातात घेत नसत. ती पायरीवर ठेवायची, ते वाकून पाहत. घरात त्यांच्या आईचे सोवळे होते. हिशेबात मात्र ती आमच्या पुढे होती. आम्हाला विचार करता यावा म्हणून मास्तर तिला शेवटी विचारत.

तिला सर्वांबरोबर बसता यावे म्हणून मास्तरांनी पंचांच्या मागे लागून देऊळ उघडून घेतले. त्यात पावसाळा गेला. दरम्यान, दसऱ्याला मुलीचे वडील नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. मास्तरांना ते माहीत होते. त्याचा देवळाशी संबंध त्यांनी लावला नव्हता.

त्या रविवारी मास्तर आम्हाला घेऊन तिच्या घरी गेले.

"पोरीला का नाही पाठवलं? देऊळ उघडलं ना तुमच्यासाठी!"

"आमी देव सोडले, मास्तरजी," वडील म्हणाले. "अन् तुमी आता दार उघडून राह्यले."

"अहो, तिथं पूजा नाही. नुसतं गणित."

"मंग तुमच्या ओसरीवर काऊन नाई? मधात मारुतीले कायले घालता?"

मुलगी दारात उभी होती. "मी आता खाली नाई बसत," ती म्हणाली.

परतताना मास्तरांची एक चप्पल तिथेच राहिली. ते वेशीपर्यंत तसेच चालत आले.

पुढच्या रविवारी ती ओसरीवर, आमच्या सतरंजीवर बसली. मास्तरांनी हात पुढे करून तिची पाटी घेतली. आतून त्यांची आई बोचके घेऊन आली.

"तुह्या गणितानं घर बाटवलं," ती मास्तरांना म्हणाली आणि आमच्या मधून वाट काढत निघाली. ती हिंगणघाटला थोरल्या मुलाकडे गेली, ती परतली नाही. आमच्यातल्या दोघांना घरच्यांनी वर्गाला पाठवणे बंद केले.

वर्ध्याला परीक्षेसाठी आम्ही तिघे गेलो. त्यात ती होती.