आधी पाठ बघायची

निघायच्या दिवशी दुपारी आईनं माझी भरलेली बॅग पुन्हा उपसली. मला वाटलं, लोणच्याची बरणी गळतेय का ते बघायचं असेल. पण नाही. तिनं माझे आतले कपडे तेवढे शोधून काढले, एकेक परकरात गुंडाळला आणि परकर साड्यांच्या तळाशी सारले. कस्टमवाल्यानं बॅग उघडलीच तर त्याच्या नजरेला काय पडेल, याचा तिला घोर. दादा बाहेर टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालत होता. आई रडली नाही. एवढंच म्हणाली, “तिकडेही टॉवेलखालीच वाळत घाल गं. देश बदलला म्हणून वळण बदलत नाही.” सांगली सोडताना मला मिळालेला उपदेश तो हा.

तिकडे सांगलीत राहिलेल्या मैत्रिणींना टॉवेलचं वेगळं सांगायला नको. आमच्या गच्चीवर बाप्यांचे बनियन दिवसभर खुशाल वाऱ्यावर डुलायचे आणि आमचं सगळं ओल्या टॉवेलच्या पोटात. आषाढात वाळायचं नाही, कुबट वास यायचा, पण टॉवेल हटायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. अमेरिकेत ट्रॉयला आल्यावर बेसमेंटमध्ये मी दोरी बांधली आणि तिथंही, जिथं नवऱ्याशिवाय चिटपाखरू येत नाही तिथं, टॉवेल टाकलाच.

नवरा, अविनाश, मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. तो सकाळी गाडी घेऊन गेला की मी आणि फ्रिजची घरघर. बस नाही, रस्त्यावर माणूस नाही. माझ्या पायाला पहिल्यापासून भिंगरी. एमएस्सी बॉटनीची डिग्री ट्रंकेत आणि मी खिडकीशी, अशी एक अख्खी थंडी काढली. वेड लागायची पाळी आली. मग हट्टानं ड्रायव्हिंग शिकले, लायसन्स घेतलं आणि मॉलमधल्या मोठ्या दुकानात पहिली मिळाली ती नोकरी धरली. सेक्शन होता बायकांच्या आतल्या कपड्यांचा. घरी कळवलं, कापडाच्या दुकानात लागले. खोटं कुठे होतं? कापड जरा कमी होतं इतकंच.

आमच्या काउंटरवर माल यायचा युरोपातल्या एका घरच्या कंपनीचा. घरची म्हणजे अगदी आपल्यासारखी, सासू आणि दोन सुना मिळून चालवलेली. प्रत्येकीच्या नावाचा एक ब्रँड. ‘ओदेत’ सासूबाईंचा: रेशीम, हाताला लागता लागत नाही अशी लेस, किंमत बघून आवंढा गिळावा. ‘लिझ’ थोरल्या सुनेचा, रोजच्या वापराचा. ‘मातिल्द’ धाकटीचा, तो मात्र खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेला असायचा. आपल्याकडे सुनेचं नाव घराच्या पाटीवर लागायची मारामार, आणि या बायांनी ते थेट चोळीवर शिवलं. मला भारी मजा वाटली.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. गिऱ्हाईक बाई ट्रायल रूममध्ये कपडे काढायला लागली आणि मी सवयीनं भिंतीकडे तोंड करून उभी. आमच्या घरात सगळ्या असंच करायच्या. थोड्या वेळानं ती म्हणाली, हनी, भिंतीचं माप घेणार आहेस का? दुकानभर हसले सगळे.

त्या उन्हाळ्यात धाकटी सून मातिल्द आम्हाला ट्रेनिंग द्यायला स्वतः आली. बारकी, पन्नाशीची, इंग्लिश मोडकंतोडकं. तिनं पहिलीच गोष्ट शिकवली: आधी पाठ बघायची. बाई पुढून काहीही सजवेल, हसेल, हातांची घडी घालेल, पण पाठीला लपवता येत नाही. पट्टा वर सरकलाय का, खांदा कुठला चढलाय, पाठीवरूनच अर्धं माप कळतं. मग सगळ्यांसमोर ब्लाऊजवर हात ठेवून म्हणाली, माझा डावा स्तन ऑपरेशनमध्ये गेला. दाढ काढली म्हणून सांगावं तितक्या सहज. खालच्या ड्रॉवरमधला माल तिनं अशा बायकांसाठी काढला होता, आतल्या बाजूला कप्पा शिवलेला, त्यात मऊ भरीव पॅड बसेल असा. मी खाली मान घालून ऐकत होते. कान गरम झाले होते माझे.

पुढच्या उन्हाळ्यात आई आली. एअरपोर्टवर तिनं मला जवळ घेतलं ते एका कुशीनं, तिरकं. दमली असेल म्हटलं. पार्किंग लॉटमध्ये अविनाश ट्रॉली ढकलत पुढे, त्याच्या मागे आई, सगळ्यात मागे मी. दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट लपेटलेला. असा ती कधी घेत नसे. पदराखाली पोलक्याची पाठ एकीकडे ओढलेली आणि डावा खांदा चढलेला. माझे पाय जागीच थांबले. गाडीची किल्ली हातात, डोक्यावर ऊन, आणि मला सगळं कळलं.

मी वाट बघितली. वाटलं, आज सांगेल, जेवताना सांगेल. ती शेजारच्या काकूंच्या गुडघ्यांबद्दल बोलली, दादाच्या बढतीबद्दल बोलली, इथल्या भेंडीला चव नाही म्हणाली. मी कपाटं आवरत होते, आवरलेली पुन्हा आवरत होते, गाडी काढून उगाच ब्लॉकला फेरी मारून येत होते. शेवटी न राहवून कामावरून दादाला फोन लावला. आधी ‘काही नाही गं’, मग म्हणाला, आईनं शपथ घातली होती. मी बर्फाच्या तक्रारींची पत्रं धाडत होते त्या हिवाळ्यात मिरजेला ऑपरेशन झालं होतं. मला कळवलं होतं, आईला जरा अशक्तपणा आहे.

राग आला. इतका आला की घरी येऊन तडक बेसमेंटमध्ये गेले. दोरीवर दोन टॉवेल, एक माझा, एक आईचा. दोन्ही ओढून काढले. आईच्या टॉवेलखाली तिची पांढरी बॉडिस होती, डाव्या बाजूला जुन्या धोतराच्या चिंध्यांची गुंडाळी टाके घालून बसवलेली. टाके किती सुबक. ते बघितले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

आवाज ऐकून आई जिना उतरून आली. उघडी दोरी बघून पायरीवरच बसली.

“तुला कळवून काय झालं असतं? तिथं एकटी बसून रडली असतीस.”

“रडले असते. तेवढा तरी हक्क होता ना माझा, आई?”

ती पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली. मग हळूच म्हणाली, “उन्हाळ्यात फार टोचतं गं ते.”

दुसऱ्या दिवशी तिला दुकानात घेऊन गेले. कापडाच्या दुकानात कापड कुठाय, असं तिनं विचारलं नाही. ट्रायल रूममध्ये ती सवयीनं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि या खेपेला मी वळले नाही. आधी पाठ बघितली. मग खालचा ड्रॉवर उघडला. बंद मीच लावले, दोन्ही बाजूंनी सारखे.

लेबलवरचं नाव कोणाचं, म्हणाली. मी मातिल्दची गोष्ट सांगितली, तिचंही गेलंय आणि ती चारचौघींत सांगते.

“धीट आहे बाई,” आई म्हणाली. “घरात सासू नसेल.”

“सासू आहे. तिच्या नावाचं सगळ्यात महाग विकतो आम्ही.”

आईला हसू आवरेना. किती महिन्यांनी हसली कोण जाणे. त्या संध्याकाळी ती एका खांद्यावर पदर टाकून अविनाशला चहा द्यायला आली. परत जाताना एअरपोर्टवर गेटमधून आत गेली तेव्हा मी मुद्दाम तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले नाही. पाठ बघितली. दोन्ही खांदे एका रेषेत होते.

यालाही आता दोन वर्षं झाली. वहिनी म्हणते, आईची अमेरिकेची बॉडिस सांगलीच्या गच्चीवर टॉवेलखालीच वाळते. वाळू दे. माझ्या दोरीवरचा टॉवेल मात्र गेला तो गेला.

माझ्यासारख्या निघून आलेल्यांना ठाऊक आहे, आपलं घर आता एका वाक्यात मावतं: ‘इकडे सगळं ठीक आहे, तू काळजी करू नकोस.’ रविवारी फोन लागतो, आई हेच म्हणते, आवाजही खणखणीत असतो. मी फोनची वायर बोटाला गुंडाळत येरझाऱ्या घालते, जेवढी वायर पुरेल तेवढ्या. आवाज पुढून सजवता येतो. फोनवर पाठ दिसत नाही.

डिसेंबरची रजा मंजूर झाली आहे. मी येतेय हे दादालासुद्धा सांगितलेलं नाही. सांगलीला सकाळी पोचेन, त्या वेळी आई ओट्याशी असते, दाराकडे पाठ करून. तिनं मागे वळायच्या आत मला पोचायचं आहे.