कॅप्टनचं बोट

“काहून सांगितलं हिनं? रेफरीनं बॉल आपल्यालेच दिला होता ना!” बाकावरची एक राखीव खेळाडू चिडून म्हणाली.

आमची कॅप्टन एरवी गुपचूपवाल्या भैयाशी एका जास्तीच्या पाणीपुरीसाठी भांडते, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. कॉलेजच्या बसमध्ये खिडकी कुणाला देत नाही. आज बास्केटबॉलच्या फायनलमध्ये आम्ही एका गुणाने पुढे होतो, शेवटचे काही सेकंद उरले होते. बॉल बाहेर गेला आणि हिनेच हात वर केला, “सर, मेरी उंगली लगी है.” बॉल समोरच्या टीमला मिळाला, त्यांनी बास्केट केली आणि आम्ही हरलो.

मीही राखीवच, बाकावरच्या सगळ्या ओरडतात तेव्हाही मी नुसत्या टाळ्या वाजवते. पण आता मोठ्याने म्हणाले, “बोट लागलं होतं, म्हणून सांगितलं. कॅप्टन आहे ती आपली.”