जावयाने आणलेली दुर्बीण

आमच्या मळ्यात बिबट्या आला आणि त्याने कुत्रा उचलून नेला, ही बातमी मला माझ्या बहिणीच्या नवऱ्याने दिली. वडील माझे, मळा माझा, ते कुत्र्याचं पिल्लूही मीच सुट्टीवर गेलो असताना आणून बांधलेलं. आणि बातमी मात्र दाजींना. तीही इथे आखातात, माहूजमधल्या त्यांच्या फ्लॅटवर, शुक्रवारी दुपारी, मी मटकीच्या उसळीचा पहिला घास तोंडात घातलेला असताना.

“दादा, तुमच्याशी जरा टेक्निकल बोलायचं होतं,” दाजी म्हणाले. “आबांना अंधारात दाखवणारं काहीतरी हवंय. फार खर्च करू नका म्हणालेत.”

आबा म्हणजे माझे वडील. दोनच दिवसांपूर्वी मी त्यांच्याशी बोललो होतो. पाऊस बरा आहे, शेरडं बरी आहेत, तू बरा आहेस ना, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला होता. बिबट्याचा ब नाही. 

दाजी बँकेत आहेत. बोलायला गोड, कपड्यांना कायम इस्त्री, आणि आबांना ‘कसे आहात आबा’ असं विचारून उत्तर येईपर्यंत खरंच थांबणारे. मी सलमाबादला एका मेंटेनन्स कंपनीत आहे. गोदामांत, वर्कशॉपमध्ये, कधी मीना सलमानच्या बंदरावर जायचं, थर्मल कॅमेरा घेऊन विजेची पॅनल्स आणि मोटारी तपासायच्या, कुठला जोड तापतोय, कुठलं बेअरिंग जळायच्या बेतात आहे ते शोधायचं, हे माझं रोजचं काम. उष्णता डोळ्यांनी बघायची हाच माझा धंदा. आणि आमच्या घरात अंधारातही जनावराची ऊब दाखवणारं यंत्र कुणाकडे मागितलं गेलं, तर जो कर्जाच्या अर्जांवर सह्या करतो त्याच्याकडे. तळपायाची आग मस्तकात गेली. बहिणीने वाढलेला भात मी तसाच ठेवून उठलो असतो, पण भाची टक लावून बघत होती. “मामा, आर यू ओके?” तिने विचारलं. मी म्हटलं, तिखट लागलं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. गेली दोन वर्षं मी आबांच्या मागे लागलो होतो की शेरडं विका, मळ्यातलं घर बंद करा आणि पुण्याला माझ्या घरी राहायला चला. तिथे माझी बायको आहे, मुलगी आहे, लिफ्ट आहे, दवाखाना खालीच आहे. आई गेल्यापासून आबा एकटे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि संध्याकाळी हातात काठी आणि बॅटरी घेऊन गोठ्यापर्यंत जाणार. सगळीकडे ऊस. अंधारात तुम्हाला दिसत नाही, कधी पडलात तर कळणारही नाही कुणाला, हे मी दर फोनला म्हणायचो. ते हूं हूं करायचे.

तर दाजींनी मला ‘गाइड करा’ म्हणून सांगितलं. म्हणजे निवडायची मी, पैसे भरायचे त्यांनी, आणि नाव व्हायचं त्यांचं. नाही म्हणता आलं असतं. पण मी नाही म्हटलं तर ते इंटरनेटवर बघून काहीतरी उचलतील आणि आबा त्याचंही कौतुक करतील, या विचाराने माझ्या पोटात आणखीच दुखायला लागलं. म्हटलं, घ्यायची तर अशी घेऊ की वापरताना माणसाला कळावं, ही निवडणारा जाणकार होता.

आठवडाभर मी शिकाऱ्यांची चर्चा वाचत बसलो. ही यंत्रं बनतात मुळात त्यांच्यासाठी. अमेरिकेत कुठे कुठे लोक कोल्ह्यांवर बंदूक रोखून बसतात, आणि कमी पैशांत बंदुकीवर बसवायला कुठली थर्मल दुर्बीण घ्यावी यावर तावातावाने भांडतात. बंदुकीवर बसणारं काही आपल्याला नकोच होतं. एक तर विमानतळावर उत्तरं देत बसावं लागलं असतं, आणि आबांना बिबट्या मारायचा नव्हता, दिसायला हवा होता. पण हातात धरायच्या दुर्बिणीलाही हिशेब तोच. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहितात, हजार मीटरवरचा प्राणी दिसतो. दिसतो म्हणजे काय, तर पांढरा ठिपका दिसतो. तो बिबट्या आहे, कुत्रा आहे की शेजारचा तात्या परसाकडे बसलाय, ते कळत नाही. ओळख पटते ती त्याच्या कितीतरी अलीकडे. शिवाय पानांच्या आड ती बघत नाही. उसात आत काय आहे ते कुठल्याच दुर्बिणीला सांगता येत नाही, कडेला आलं तरच दिसतं.

मनामाच्या बाजारात बोटींचं आणि वाळवंटात तंबू ठोकायचं सामान विकणारं एक दुकान आहे. संध्याकाळची मगरिबची नमाज झाल्यावर आम्ही तिथे गेलो. ऑगस्ट होता. दुकानातला केरळी माणूस दोन दुर्बिणी काढून उभा राहिला, दोन्ही आमच्या बजेटमधल्या. दाजींनी त्यातली एक उचलली आणि एसीतच उभं राहून, दाराच्या काचेतून रस्त्यावर रोखली.

“दादा, यात तर कुणीतरी माणूस उभा आहे. आणि तोही माझ्याकडेच बघतोय.”

काचेतून उष्णता पार होत नाही, आरशासारखी उलटी येते. तो माणूस म्हणजे ते स्वतःच होते. मी हे त्यांना ज्या आवाजात सांगितलं त्यात मला झालेला आनंद लपला नसावा. दुकानदारही हसला. तो माझा त्या महिन्यातला सगळ्यात सुखाचा क्षण होता.

मग आम्ही बाहेर गल्लीत आलो. दिवसभर तापलेल्या भिंती, तापलेलं डांबर, आणि कचऱ्याच्या डब्यावर एक मांजर. दुर्बिणीत भिंत आणि मांजर एकाच रंगाची. मांजर हललं तेव्हाच ते मांजर आहे हे कळलं.

“ह्या दोन्ही बेकार आहेत,” दाजी म्हणाले. “बजेट वाढवू या.”

“सर, इधर सब गरम है,” दुकानदार म्हणाला. “बिल्ली भी गरम, दीवार भी गरम.”

त्याचं खरं होतं. मी दाजींना समजावलं की आपल्याकडे दिवाळीनंतर जमीन गार पडते, तेव्हा ह्याच दुर्बिणीत जनावर दिव्यासारखं उठून दिसेल. इथल्या उकाड्यात तपासून आबांची दुर्बीण ठरवायची नसते. ते ऐकत होते, मान हलवत होते. “वा, दादा,” म्हणाले. त्यांचा हा चांगुलपणाच मला सहन होत नाही. एखादा माणूस जरा तरी उद्धट असला की त्याच्यावर जळायला बरं पडतं.

आता दोन्हींतली कुठली? एकीचं भिंग मोठं, लांबचं दाखवणारं, पण नजरेत येणारा भाग चिंचोळा. दुसरी जवळची, लांबचं बारीक दिसणार, पण ओसरीतून बघितलं तर गोठा, हौद, उसाची कड सगळं एका नजरेत मावणार. दाजींना लांबची हवी होती.

“आबांना दूरवरून कळलेलं बरं नाही का?”

“चिंचोळ्या नजरेने म्हातारा माणूस जनावर शोधणार कधी?” मी म्हटलं. “त्यांना ओसरीत बसून बघायचंय. ओसरीपासून गोठा किती लांब आहे तुम्हाला ठाऊक तरी आहे का?”

हे जरा जास्तच लागलं त्यांना. त्यांनी लांबची परत ठेवली. जवळची घेतली. फोनच्या चार्जरवर चालणारी, बटणं मोठी, डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवता येणारी. कमी पैशांत याहून बरी निवड झाली नसती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

दिवाळीला सुट्टी दाजींना मिळाली, मला नाही. दुर्बीण त्यांच्या सामानातून गेली. आणि मग सुरू झालं. आबा रोज फोन करायला लागले, दाजींना. ससा बघितला. रानडुकरं बघितली, सात-आठ होती. घुबड बघितलं. बहीण मला हे सगळं कौतुकाने सांगायची आणि मी ‘असं का’ म्हणायचो. मग एक दिवस बिबट्याच. मादी होती, दोन पिल्लं मागे. आबांनी बटण दाबून चित्रफीतसुद्धा घेतली होती, शेजारच्या पोराने ती फोनवर चढवून पाठवली, दाजींना. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दाजी ती सगळ्यांना दाखवत होते. उसाच्या कडेने ती पांढरीशुभ्र चालत गेली, मागे दोन छोटी. लोक म्हणाले, काय क्लिअर आहे हो! दाजींनी माझ्याकडे हात केला, “निवड यांची बरं का.” पण तोवर लोक जेवणाच्या रांगेकडे निघाले होते. मी त्या दिवशी श्रीखंडाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच आबांना फोन लावला. माझी शिफ्ट सुटते तेव्हा इथे ऊन असतं, पण तिकडे घड्याळ अडीच तास पुढे, अंधार पडलेला असतो. मला काहीच का सांगत नाही, हे आता विचारायचंच, असं ठरवलं होतं. गाडीच्या मागे सावलीत उभा राहिलो.

आबा खुशीत होते. असा आवाज मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता.

“पाव्हण्यांनी झ्याक वस्तू आणली रं,” म्हणाले. “आता अंधाराचं काय भ्या न्हाई. तू पुण्याचं काढत हुतास ना सारखं, ते आता राहू दे. मला समदं दिसतंय.”

 हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी धुकं हिशेबात धरलं होतं, मोतीबिंदू धरला होता, बटणांचा आकार धरला होता. ज्या एका कारणाने ते कधीतरी मळा सोडून येतील अशी मला आशा होती, ते कारण मी निवडून, पारखून, खोक्यात घालून मिटवलं होतं. आणि श्रेय दाजींना.

“फकस्त एक हाय,” आबा म्हणाले. “लांबचं बारीक दिसतंय. पाव्हण्यांना म्हनावं, जरा लांबची घ्यायला पायजे हुती. पिल्लं नीट दिसंनात, म्हून रोज बांधापर्यंत जातुया. आत्ता बी तिकडंच निघालोय.”

फोनमध्ये चपलांचा आवाज येत होता. ओसरीचा नव्हे, मातीवरचा.

“आबा, ती पाव्हण्यांनी नाही निवडली. मी निवडली.”

चपला थांबल्या.

“तू व्हय?” ते म्हणाले. त्यांना खरोखरच आनंद झाला. “मग बरंच झालं की. तूच सांग, पिल्लं नीट दिसायला अजून किती म्होरं जाऊ?”

“आबा, मागं फिरा. पिल्लांची आई आहे तिथं. आत्ताच्या आत्ता घरात जा. उद्याच्या उद्या गाडी पाठवतो, शेरडं विकून टाका आणि...”

“बघ,” आबा शांतपणे म्हणाले. “म्हून तुला काय सांगत न्हाई.”

फोन त्यांनी खिशात टाकला. बंद करायला विसरले. मी हाका मारत राहिलो, आणि चपला पुढे पुढे जाताना मला ऐकू येत होत्या.