सदतीस लाख कुठे आहेत

चौलच्या आमच्या घराचं कर्ज मुदतीच्या तीन वर्षं आधी फिटलं, तेव्हा बँकेने मूळ कागद परत दिले. बायकोने ती फाईल देवापुढे ठेवली, खरेदीखतावर हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. सुटून घरी आलेल्या वस्तूची पूजा करायची, एवढंच तिच्या मनात होतं. मीही हात जोडले.

वर्षभराने मेहुणा आला. पेणला त्याचे दोन ट्रक आहेत. पालीला देवळाच्या रस्त्यावर एक गाळा विकायला होता, सगळा खर्च धरून अठ्ठावीस लाखांना. माझ्याकडे आठ लाख होते.

"भावोजी, हे घर नुसतं उभं हाय. त्याला कामाला लावा की."

"कामाला लावायला तो बैल हाय का?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"ताई, तू चहा टाक."

"चहा टाकते. घराला जू नको."

तरी मी बँकेत चौकशी केली. त्यांनी घराची किंमत ठरवायला एक माणूस पाठवला. त्याने खोल्या मोजल्या, फोटो काढले, विहिरीत डोकावलासुद्धा नाही. आठवड्याने आकडा आला : अठ्ठावन्न लाख.

जमिनीसकट हे घर मला एकवीस लाखांना पडलं होतं. म्हणजे सदतीस लाख वाढले. भिंती त्याच, मागच्या खोलीतली ओलही तीच. बँक म्हणाली, घर आमच्याकडे पुन्हा गहाण ठेवा, वीस लाख घ्या. मला कळेना. घर विकलं नाही, तर हे पैसे आले कुठून? आणि ते माझेच असतील, तर त्यांच्यावर व्याज मी का भरायचं? मेहुण्याने दोनदा समजावून सांगितलं. त्याचं एकेक वाक्य पटत होतं, पण सगळी मिळून पटत नव्हती.

मी हिशेब मांडला. हप्ता एकवीस हजार, गाळ्याचं भाडं बारा हजार. दरमहा नऊ हजार माझ्या पगारातून जाणार.

"पण गाळ्याची किंमत वाढंल ना!" मेहुणा म्हणाला.

"मग तो पण गहाण ठेवायचा?" बायकोने विचारलं.

"व्हय! आता तुला समजलं."

"मला न्हाय समजलं. मी भीत भीत विचारलं."

मी फाईल घेऊन बँकेत गेलो. कागद तपासणाऱ्या वकिलांनी खरेदीखत उजेडात धरलं. कुंकू नेमकं नोंदणीच्या शिक्क्यावर पडलं होतं, देवाजवळच्या तेलाने पसरलं होतं. दस्ताचा क्रमांक वाचता येत नव्हता. "निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल आणा," ते म्हणाले, "मग पुढे जाऊ."

नक्कल यायला पंधरवडा लागणार होता. बायकोला वाटलं, मी चिडेन. "मी कागद सुटला म्हणून कुंकू लावलं," ती म्हणाली. "परत द्यायचा हाय, हे माहीत असतं तर लावलं नसतं." मला चिडता आलं नाही. कर्ज आधी फेडायची घाई मीच केली होती. दर दिवाळीचा बोनस त्यात घातला, ते कागद घरी यावेत म्हणूनच ना? की पुन्हा मोठं कर्ज मिळावं म्हणून? बँकेच्या लेखी दोन्ही एकच होतं.

नक्कल आली. त्याच दिवशी मेहुण्याचा फोन आला, की गाळेवाला रविवारपर्यंतच थांबेल. मी नाही म्हणालो. का, ते मला नीट सांगता आलं नाही. तो म्हणाला, "भावोजी, तुमी पैशावर झोपलाय." तेही खरं असेल.

आता त्या गाळ्यात वडापावचं दुकान आहे. मेहुणा सांगतो, किंमत वाढली. परवा खर्च लिहिताना मी बायकोला म्हणालो, निदान दरमहा नऊ हजार वाचतात आपले.

"वाचतात ना?" ती म्हणाली. "मग कुठं हायेत?"

मी वही पुन्हा वरपासून बघितली. सापडले नाहीत.