चार हात दोर

भावंडांनी एकत्र पोहायला शिकण्याचे फायदे माझ्या धाकट्या भावाने एकदा भर सभेत सांगितले होते. भीती लवकर जाते. एकमेकांकडे बघून ईर्ष्या येते. एकाचं दुसऱ्यावर लक्ष राहतं आणि आईबापाचा घोर कमी होतो. मी शेवटच्या रांगेमागे उभा राहून ऐकत होतो. माझी नोकरी कारखान्याच्या हिशेब विभागात. फायदा म्हटला की तो कोणाच्या नावावर जमा झाला, हे विचारायची सवय लागलेली. त्याने सांगितलेले सगळे फायदे खरे होते. दोघांपैकी कोणाला कोणता मिळाला, तेवढं त्याने सांगितलं नाही.

आमचा मळा गंगापूर रोडच्या आत होता. नव्वदच्या सुमाराला तिकडे अजून भाजीपाला पिकत होता. वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, झेंडू आणि मेथी-कोथिंबीर लावायचे आणि पहाटे सायकलवर लादून बाजारात न्यायचे. विहिरीला ऐन उन्हाळ्यातही दोन पुरुष पाणी असायचं.

आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांत पोरं डबा बांधून पोहायला शिकायची. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा घ्यायचा, त्याचं तोंड डाग देऊन बंद करायचं, तो पोराच्या पाठीवर बांधायचा आणि पोराला पाण्यात ढकलायचं. पोराच्या कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक काठावर उभ्या असलेल्या बापाच्या हातात. नानांची पद्धत मात्र निराळी होती. डबा आठवडाभर माझ्या पाठीवर राहिला. मी जेमतेम तरंगायला लागलो तसा तो काढून धाकट्याच्या पाठीवर बांधला. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. दोराचं एक टोक त्याच्या कमरेला आणि दुसरं माझ्या कमरेला. मध्ये चार हात दोर. काठावर कोणाच्याच हातात काही नाही.

"नाना, त्याला तुम्ही धरा ना," मी म्हणालो.

"मी जन्मभर पुरणार हाय का? तूच धरायचा त्याला. मागं बघत राहा."

"मागं बघून पुढं कसं जायचं?"

"नाय गेला पुढं तर नाय गेला. हिरीतच तर हायेस, जाणार कुठं?"

त्यामुळे मी मान वर काढून पोहायला शिकलो. तोंड पाण्यात घातलं तर मागचं दिसत नाही, म्हणून तोंड पाण्यात घालायचंच नाही. दोन हात मारले की वळून बघायचं, पुन्हा दोन हात, पुन्हा वळून. धाकटा मागे डब्याच्या भरवशावर ऐसपैस पसरलेला असायचा. तोंड पाण्यात घालून तळ न्याहाळायचा, बुडबुडे सोडायचा, दोन्ही पायांनी पाणी बडवायचा. त्याला ओढून ओढून माझे खांदे भरले. पाण्यात अंग सैल कसं सोडतात, हे मात्र तो शिकला. पुढच्या उन्हाळ्यात त्याचा डबा सुटला. दोर तसाच राहिला.

मी कुरकुर करतो हे आईच्या लक्षात आलं. एका दुपारी मेथीच्या जुड्या बांधताना तिने मला जवळ बसवून घेतलं. नानांना एक धाकटा भाऊ होता, हे मला माहीत होतं. तो तापाने गेला अशी माझी समजूत होती.

"तापानं नाही," आई म्हणाली. "दोघं कालव्यात उतरले होते. ह्यांना चांगलं पोहता यायचं, त्याला आपलं कसंबसं. हे पुढं निघून गेले. वळून बघितलं तर मागं कोणीच नाही." मग जुडीला गाठ मारून म्हणाली, "तू आपला बघत जा रे मागं. तुझं काय जातंय?"

तेव्हापासून मी कुरकुर बंद केली. काय जातंय, ते दोन वर्षांनी कळलं.

शहरातल्या पोहण्याच्या तलावावर संघासाठी मुलं निवडणार होते. मी दहावीला होतो. त्या वयात मला दुसरं काही हवं होतं असं आठवत नाही. अभ्यासात मी मधला, क्रिकेटला मला कोणी घेत नसे. पण विहिरीत कडेकडेने मी न थांबता तासभर पोहू शकत होतो, तेही एक पोरगा ओढत. माझी निवड होणार, याबद्दल मला शंका नव्हती. धाकटा केवळ माझ्याबरोबर आला होता. निवड करणाऱ्या सरांनी त्यालाही पाण्यात उतरवलं.

पन्नास मीटर पोहायचं होतं. मी अर्ध्यावर असताना सरांनी शिट्टी फुंकली.

"काय रे, जत्रेत पोर हरवलंय का तुझं? कोणाला शोधतोयस?"

काठावरची मुलं हसली.

"मान खाली घाल. तोंड पाण्यात!"

मी तोंड पाण्यात घातलं, चार हात मारले, आणि मान आपोआप वर आली.

"अरे, बघतोस कोणाकडे?"

"भावाकडे, सर."

"कुठाय तुझा भाऊ?"

मी मागे बघत होतो आणि तो मागे नव्हता. तेवढ्यात पलीकडच्या भिंतीवरून हाक आली, "ए भाऊ! मी इकडंय!" तो केव्हाच पोहोचून, पाय पाण्यात सोडून बसला होता. सगळा तलाव हसला. सरही हसले.

मी भिंतीला लागल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. "दम तुझ्यात जास्त आहे," ते म्हणाले. "खांदे तर बघ. पण मानेला लागलेली ही सवय आता सुटायची नाही. तू गंगेच्या घाटावर जीवरक्षक हो. पर्वणीच्या स्नानाला लागतात."

घरी आल्यावर नानांनी विचारलं, "धाकट्याला घेतला?"

"घेतला."

"पाणी किती खोल हाय तिथं?"

मी आकडा सांगितला. माझं काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. लगेच म्हणाले, "मग तू बी जात जा त्याच्याबरोबर. काठावर बस."

दहावीचं बीजगणित मी त्या तलावाच्या पायऱ्यांवर केलं. क्लोरीनच्या वासात, दर दोन ओळींनी पाण्याकडे बघत. अकरावी-बारावीचं पुस्तपालनही तिथेच केलं. चांगले गुण मिळाले आणि त्या जोरावर पुढे हिशेब विभागात चिकटलो. तलावावर जाण्याचा माझ्या वाटणीला आलेला फायदा म्हणायचा तर हाच.

धाकटा राज्य पातळीपर्यंत गेला. पदकं आणली, खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरीला लागला. भावकीने सभागृह घेऊन त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, भाषणं. खुर्च्या मी मांडल्या होत्या. भावंडांना जोडीने पोहायला पाठवा, असं तो बोलला ते तिथेच. फायदे सांगून झाल्यावर तो मोकळेपणाने हसला.

"आमचा भाऊ पहिल्यापासून हळू," तो म्हणाला. "तो मागं राहायचा, म्हणून तर मला पुढं जायची सवय लागली!"

लोक हसले, वळून माझ्याकडे बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. दुसरं काय करणार?

जेवणाच्या पंगतीत मी त्याला विचारलं, "दोराबद्दल बोलला नाहीस."

"कसला दोर?"

"विहिरीतला."

त्याने खरंच आठवून बघितलं. जिलबी हातात तशीच राहिली. "डबा आठवतो भाऊ," तो म्हणाला. "दोर होता का?"

तो खोटं बोलत नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. तो तोंड पाण्यात घालून तळ बघत होता. दोर त्याला दिसणार कुठून?

ते भाषण माझ्या बायकोनेही ऐकलं होतं. काही वर्षांनी आमची मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा झाला, तेव्हा उन्हाळी वर्गात दोघांना एकत्रच घालायचं असं तिने ठरवलं. "भाऊजी सांगत होते ना, फायदे असतात," ती म्हणाली. मी एका अटीवर हो म्हणालो. मुलीला कोणीही 'धाकट्याकडे बघ' म्हणायचं नाही. पाण्यात तिने फक्त पोहायचं. "बरं बाई," बायको म्हणाली. एखाद्या हट्टी मुलाची समजूत काढावी तशी म्हणाली.

पहिल्या दिवशी नानाही रिक्षात येऊन बसले. थकले होते. मळा विकून झाला होता, विहीर बुजली होती. तलावाच्या पायऱ्यांवर ते माझ्या शेजारी बसले. मुलगी टोपी घालून पाण्याकडे निघाली, तसा त्यांनी तिला हाक मारायला हात वर केला.

"नाना," मी म्हणालो, "तिला काही सांगायचं नाही."

"का बरं?"

"तिला पोहू द्या. नीट, मान खाली घालून."

"मग त्याच्याकडं कोण बघल?"

"मी बघतो. मी बसलोय ना इथं."

नाना पाण्याकडे बघत राहिले. "मी बी व्हतोच की तिथं," ते म्हणाले.

त्या कालव्याबद्दल ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. त्यानंतरही बोलले नाहीत. त्यांनी हात खाली घेतला आणि मुलीला हाक मारली नाही.

महिना संपत आला तेव्हा मुलांना एकेकट्याने आडवा तलाव पार करायला सांगितलं. नाना त्या दिवशीही होते. मुलीची पाळी आली. ती सुटली ती तोंड पाण्यात घालून, अंग सरळ, पाय एका लयीत. माझ्या कमरेला काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. अर्धं अंतर गेलं असेल. तिची मान वर आली आणि उथळ पाण्याकडे वळली. तिकडे तिचा धाकटा भाऊ फळी धरून पाय मारत होता.

शिट्टी वाजली. "ए पोरी, मान खाली! कोणाला शोधतेस?"

तिने तोंड पाण्यात घातलं. थोडी पुढे गेली. पुन्हा मान वर.

नानांनी माझं ऐकलं होतं, बायकोनेही. तलावावर तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. पण रस्ता ओलांडताना, शाळेच्या रिक्षात, त्र्यंबकच्या रांगेत, भावाचा हात सोडू नकोस हे ती समज आल्यापासून ऐकत होती.

तिसऱ्यांदा मान वर आली तेव्हा शेजारी नाना सैलावून मागच्या पायरीला टेकले.

"शिकली पोरगी," ते म्हणाले.